पाणी दिसावे एवढ्या अंतरावर

दिवाळी सरली, रस्ते वाळले की गोव्यातल्या साखळीहून केरीकडे जाणाऱ्या वाटेवर निराळ्या गाड्या दिसू लागतात. टपावर घडीचा तंबू बांधलेली जीप, आत पलंग, शेगडी आणि संडास बसवलेली ट्रॅव्हलर, कधीमधी युरोपातून जमिनीच्या वाटेने आलेला, पाठीवर घर बांधलेला ट्रक. क्रमांक पुण्याचे, बेळगावचे, बेंगळुरूचे. किनाऱ्यावरची गर्दी नको, डोंगर आणि पाणी हवे म्हणून ही मंडळी डिचोली-सत्तरीकडे वळतात आणि इथे पोहोचल्यावर एकच प्रश्न विचारतात: रात्री गाडी लावायची कुठे?

साखळी मध्यभागी धरली तर तासा-दीड तासाच्या टप्प्यात मयेचा तलाव, आमठाणे आणि अंजुणे ही दोन धरणे, सीमेपलीकडे दोडामार्ग तालुक्यातले तिळारी, आणि वर चोर्ला घाट एवढे सगळे येते. जागांना तोटा नाही. मात्र गाडीत निर्धास्त झोपावे अशा जागा थोड्या आहेत, आणि फोटोत सुंदर दिसणाऱ्या जागा बहुधा त्यांत बसत नाहीत. माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्या भागात मुक्काम पाण्याच्या काठावर करू नये. पाणी दिसेल एवढ्या अंतरावर, राबत्या घराच्या अंगणात किंवा मांगराशेजारी करावा. हे मत कसे बनले ते एकेका जागेचा आढावा घेताना स्पष्ट होईल.

निघण्यापूर्वी नावांचा घोळ निस्तरायला हवा, कारण नकाशावर बोट ठेवणाऱ्यांची पहिली फसगत तिथेच होते. धरणाचे अंजुणे सत्तरीत, आणि इंग्रजी नकाशावर जवळपास तसेच दिसणारे हणजुणे बार्देशच्या किनाऱ्यावर. केरी सत्तरीत आहे, पेडण्यात तेरेखोलच्या मुखाशी आहे, आणि फोंड्यातही आहे. सुर्ल दोन: एक डिचोलीच्या खाणपट्ट्यात, दुसरे चोर्ला घाटाच्या माथ्यावर. मोर्ले सत्तरीतही आहे आणि दोडामार्गातही. सात मीटर लांबीची गाडी चुकीच्या गावाच्या बोळात शिरली की मागे काढताना गावाचेही हाल आणि चालकाचेही. म्हणून गावाच्या नावापुढे तालुका लिहिल्याशिवाय जागा ठरवू नये.

आता पाण्याकडे. अंजुणे, आमठाणे आणि तिळारी ही तिन्ही पाणी धरणांची आहेत. धरणाच्या पाण्याला कायमचा काठ नसतो; असतो तो त्या महिन्याचा काठ. ऑगस्ट-सप्टेंबरात जलाशय तुडुंब भरतो, झाडांच्या बुंध्यांना पाणी लागते. मग शेतीला आणि नळांना पाणी सुटत जाते तसतशी पातळी उतरते, आणि मेअखेर तेच पाणी मधल्या खोलगटात जाऊन बसते. दरम्यान जी जमीन उघडी पडते ती सपाट असते, हिरवी असते, मोकळी असते. पाहुण्याला वाटते, गाडी लावायला याहून चांगली जागा कुठली! तिथे कित्येक महिने गाळ बसलेला असतो. वरची पापडी उन्हाने वाळते, पण वितभर खाली चिखल ओलाच राहतो. साडेतीन टनांच्या गाडीचे मागचे चाक त्या पापडीतून एकदा खाली गेले की फिरवाल तितके रुतते, आणि गावातून ट्रॅक्टर येईपर्यंत दिवस जातो.

काठ वाचता येतो, आणि वाचायला शिकावे. उतारावर उभे राहून खाली पाहा. सर्वांत वर झुडपांची आणि जुन्या झाडांची सलग ओळ दिसते. ती पूर्ण भरलेल्या पाण्याची रेघ. तिच्याखाली उघडी तांबडी माती, दगडांवर वाळलेल्या गाळाचा पांढुरका थर. त्याखाली काटक्या, पाला, प्लास्टिकच्या बाटल्या यांची वाकडीतिकडी माळ: पाणी शेवटचे जिथे थांबून मागे सरले ती खूण. आणखी खाली कोवळे बारीक गवत, शेवटी चकाकणारा चिखल. माळेतला पाला ओला असेल तर पाणी नुकतेच हलले आहे असे समजावे. गाडी झुडपांच्या ओळीच्या वरच राहायला हवी. तंबूच्या लोखंडी खुंटीने हातभर खोल टोचून पाहिले तर जमिनीची खरी परीक्षा होते. खुंटी सुखासुखी आत गेली आणि बाहेर येताना माखून आली तर तिथे चाक नेऊ नये. जलाशयाच्या पोटात जुनी गावे आहेत, हेही ध्यानात असू द्या. अंजुण्याने गावे बुडवली, तिळारीनेही बुडवली. शिरंगे, आयनोडे ही नावे दोडामार्गात आजही हळहळत घेतली जातात. पाणी उतरते तेव्हा जोते, कुंपणाच्या भिंती, तोडलेल्या झाडांचे बुंधे पाण्याखाली अर्धवट उभे असतात. पोहायला उतरणाऱ्याच्या पायाशी काय आहे ते वरून दिसत नाही.

धरणाच्या खालच्या अंगाला धोका वेगळा. अंजुण्यातून सुटलेले पाणी वाळवंटीला येते, वाळवंटी साखळीच्या बाजारपेठेला घासून जाते. पावसाळ्यात नदी फुगली की बाजाराच्या सखल भागातले पाणी पंप लावून उपसावे लागते, हे इथल्या दुकानदाराला नव्याने सांगायला नको. जुलै २०२१ च्या पुराने सत्तरी-डिचोलीतल्या कित्येक घरांच्या भिंती पाडल्या. म्हणून नदीच्या पात्रातली वाळूची पुळण, व्हाळाच्या कडेची गवताळ पट्टी, पुलाखालची सावली या जागा पावसाळ्याच्या चार महिन्यांत वर्ज्य. ढग घाटावर फुटतो आणि खाली ऊन असते. पाणी मात्र तासाभरात येऊन पोहोचते.

आता जागा. पहिल्यांदाच घरच्या मंडळींना घेऊन गाडीत राहायला निघालेल्यांना मी मयेकडे पाठवीन. तलाव लहान, भोवतालचे डोंगर बुटके, पण रस्ता सपाट आहे, डिचोलीचा बाजार आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, आणि गोवा पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान तलावालाच लागून आहे. आवारात रात्री गाडी लावू देतात का, विजेची जोडणी मिळते का, हे फोनवर आधी बोलून घ्यावे. ऑगस्ट २०१८ पासून तिथे ५५ मीटर उंचीवरून बंजी उडीची सोय झाल्याने सुट्टीच्या दिवशी तरुणांची रीघ असते. सोमवार ते गुरुवार मये शांत असते. वयस्कर माणसे, लहान मुले, मधुमेहाची औषधे बरोबर असतील तर दूरच्या जंगलापेक्षा हा तलाव शंभर वाटांनी बरा.

आमठाणे पाहण्यासारखे आहे, मुक्कामासारखे नाही. जलाशयात मगरी आहेत. संध्याकाळी पाण्याशी भांडी घासणे, कुत्र्याला पाणी पाजायला नेणे, मुलांनी काठावर खेळणे यांतले काहीही तिथे करू नये. बांधावरून सूर्यास्त पाहावा आणि गाडी डिचोलीकडे किंवा दोडामार्गाकडे हाकावी.

अंजुणे हे या पट्ट्यातले सर्वांत देखणे पाणी. तिन्ही बाजूंनी सह्याद्री अंगावर येतो, आणि ऑक्टोबरात डोंगरावरचे व्हाळ अजून वाहते असतात. पण जलाशयाच्या वरचे रान म्हादई अभयारण्याचे आहे. १९९९ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य २०८ चौरस किलोमीटरचे आहे, आणि त्यात परवानगीवाचून शिरणे, आग पेटवणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरतो. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, तेव्हा सबंध गोव्याला कळले की या रानात वाघ नांदतो. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. या वादात सत्तरीचा शेतकरी आणि वनखाते दोघेही दुखावलेले आहेत. अशा वेळी परगावच्या गाडीने रानाच्या तोंडाशी रात्री दिवे लावून बसणे कोणालाच रुचत नाही. बांधापासून मागे सरकावे, केरी, घोटेली, मोर्ले या बाजूला कुळागर (सुपारी-माडांची बाग) असलेले घर शोधावे आणि घरमालकाशी बोलून तिथे राहावे. गावात विचारल्यावर अशी घरे मिळतात.

कुळागराची जागा का चांगली, ते नीट सांगायला हवे. बारमाही झऱ्याचे पाणी पाटाने आलेले असते. घर असते, म्हणजे संडास असतो, विजेचा मीटर असतो, रात्री भुंकणारा कुत्रा असतो. मांगराशेजारी सुपारी वाळवायचे खळे असते. ते सपाट, कडक आणि निचऱ्याचे असते. सुपारीचा हंगाम नसेल तर गाडीला त्याहून उत्तम जागा मिळणार नाही. मालक मात्र विचारल्याशिवाय खळे देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. माडाखाली गाडी लावू नये; नारळ टपाला भोक पाडतो. फणस, आंबा यांच्या सुकलेल्या फांदीखालीही नको. कापणी झालेले शेत मोकळे दिसले तरी सरदीचे भात काढल्यावर तिथे वायंगणाची तयारी चालू असेल. बांध चाकाखाली मोडला तर पाणी अडत नाही आणि हंगाम जातो. सत्तरीत जमिनीच्या मालकीचे प्रश्न जुने आणि गुंतागुंतीचे आहेत, म्हणून ‘मोकळी जागा दिसली’ एवढ्यावर जाऊ नये. कसणाऱ्याला विचारावे, पंचायतीला कळवावे. केरीतली आजोबाची राई किंवा कुठलीही देवराई ही तर मुक्कामाची जागाच नव्हे. तिथले पानही गावकरी उचलत नाहीत.

चोर्ला घाटाच्या माथ्यावर हवा बदलते. जानेवारीत पहाटे गोधडी लागते, खाली दरीत धुके भरलेले असते, आणि वझरा सकला धबधब्याचा कडा समोर असतो. घाटमाथ्यावर ‘स्वप्नगंधा’सारखी निसर्गनिवासे आहेत, आणि सुर्ल्याच्या बाजूला खासगी आवारांत गाडी लावता येते. उघड्या सड्यावर मात्र लावू नये. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे पठार. खुंटी आत जात नाही, वारा अडत नाही, आणि एप्रिल-मेच्या वळवात वीज पडते तेव्हा सबंध पठारावर उंच वस्तू तुमचीच गाडी असते. रस्त्याकडेच्या रुंद जागा ट्रकवाल्यांना थांबायला लागतात, तिथेही रात्र काढू नये. बेळगावकडून उतरताना ज्या गिअरमध्ये चढावे लागले असते त्याच गिअरमध्ये उतरावे; पाण्याच्या टाक्या, गॅस, सामान भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापून निकामी होतात. घाट दुपारी पार करावा. अंधार आणि धुके एकत्र आले की वळणावरचा कठडासुद्धा दिसत नाही. केरी सोडली की फोनचे जाळेही तुटत जाते, तेव्हा कुठे राहणार ते घरी आधीच कळवलेले असावे.

तिळारीविषयी जरा सविस्तर लिहायला हवे, कारण पुण्या-कोल्हापूरकडच्या मंडळींना ‘बॅकवॉटर’ म्हटले की आता तिळारीच आठवते. धरण महाराष्ट्र आणि गोवा यांचे संयुक्त. १९९० च्या करारानुसार ७३.३ टक्के पाणी गोव्याचे. फुगवटा लांबवर पसरलेला, मधे बेटे, कडेने दाट रान. सौंदर्यात ते अंजुण्यापेक्षा उणे नाही, विस्ताराने कितीतरी मोठे आहे. पण दोडामार्ग तालुक्यात २००२ च्या सुमारास कर्नाटकातून रानटी हत्ती उतरले आणि तेव्हापासून केळी, माड, भातशेती तुडवली जात आहे. हत्ती पाण्यावर येतो, आणि येण्याच्या त्याच्या वाटा ठरलेल्या असतात. काठावरचा तंबू त्याच्या वाटेत असू शकतो. जानेवारी २०२१ मध्ये केरळात वायनाडच्या मेप्पाडीजवळ एका निवासाच्या आवारात तंबूत राहिलेल्या तरुणीला हत्तीने मारले. त्या निवासाकडे तंबूमुक्कामाची रीतसर परवानगी नव्हती. तिळारीच्या काठी तंबू भाड्याने देणाऱ्याला म्हणूनच दोन गोष्टी विचाराव्यात: वनखात्याची आणि पंचायतीची परवानगी दाखवा, आणि गेल्या आठवड्यात हत्ती कुठे होता ते सांगा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. जो माणूस ‘इथे हत्ती येतच नाही’ म्हणतो त्याच्याकडे राहू नये. रस्त्याची सूचनाही महत्त्वाची: चंदगडकडून तिळारी घाटाने मोठी गाडी उतरवू नये. उतार उभा आहे, वळणे आखूड आहेत. चोर्ला किंवा आंबोलीने यावे आणि साखळी-डिचोलीमार्गे किंवा बांद्याकडून दोडामार्ग गाठावे. होळीच्या दिवसांत डिचोलीतल्या साळ गावी गडे हा उत्सव असतो. त्या रात्री साळच्या रस्त्याने मोठी गाडी नेण्यापेक्षा डिचोलीत थांबून गडे पाहायला जावे.

पेडण्याबद्दल थोडक्यात. हरमलचे गोड्या पाण्याचे तळे प्रसिद्ध आहे, पण तिथे पायवाटेने खडकांवरून जावे लागते. गाडी मागे हरमलातच राहते. तळे आणि डोंगर यांच्या मुक्कामासाठी पेडणे हा पर्याय फारसा उरत नाही. समुद्राशेजारच्या जागांचा हिशेब वेगळा.

डिचोलीत आणखी एक पाणी आहे आणि ते परक्याला फार भुलवते. खाणींचे खड्डे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, पावसाने खड्डे भरले, आणि हिरवट-निळे तळे तयार झाले असे वाटू लागले. त्या पाण्याला उथळ काठच नाही. खनिज पायऱ्यापायऱ्यांनी काढलेले असते. पहिले पाऊल गुडघाभर, दुसरे बुडवणारे. वर टाकाऊ मातीचे ढीग असतात आणि ते पावसाने घसरतात. लिलावानंतर खाणी पुन्हा सुरू होत आहेत, त्यामुळे ट्रकही आहेत. या खड्ड्यांजवळ गाडी लावू नये आणि उतरू तर मुळीच नये.

जागेची निवड नुसती जमीन पाहून होत नाही. आमच्या भागात ती आजार पाहूनही करावी लागते. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात माकडतापाची साथ आली. पुढच्याच वर्षी दोडामार्गातल्या केर गावी तो निघाला, आणि नंतर बांद्याकडे त्याने माणसे घेतली. १९५७ मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर रानात प्रथम सापडलेला हा विषाणू गोचिडीतून माणसात येतो. डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, म्हणजे नेमका पर्यटनाचा आणि काजूचा काळ. गोचिडी पाल्यात असतात. म्हणून झाडाखाली पाल्याच्या गादीवर चटई अंथरणे, काजूच्या बागेत खुर्च्या मांडणे, जंगलातून सरपण गोळा करणे टाळावे. स्वच्छ झाडलेले अंगण हेच इथे सर्वांत सुरक्षित. पूर्ण बाह्यांचे कपडे, उघड्या अंगाला आरोग्य केंद्रात मिळणारे गोचीडरोधक तेल, संध्याकाळी गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे वेगळे. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता आरोग्य खात्याला कळवावे. घरी परतल्यावर आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना आपण कुठे राहिलो ते आवर्जून सांगावे. मुंबई-पुण्याच्या डॉक्टरला ते आपण सांगितल्याशिवाय सुचणार नाही.

आग हा दुसरा प्रश्न. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांत दिवसेंदिवस वणवे पेटत राहिले. नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकायला आणावी लागली. सत्तरीच्या माणसांनी हिरव्या फांद्यांनी झोडपून आग विझवली. त्या आठवणीनंतर शेकोटीसह मुक्काम अशी जाहिरात वाचली की मला राग येतो. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत उघडी शेकोटी नको, एवढा नियम प्रत्येक जागामालकाने लावलाच पाहिजे. शिवाय गोव्यातल्या पर्यटनस्थळांवर उघड्यावर स्वयंपाक आणि मद्यपान करण्यास कायद्याने बंदी आहे. २००१ च्या कायद्यात २०१९ मध्ये ही दुरुस्ती झाली, तेव्हा दंड एकट्याला २ हजार आणि गटाला १० हजार होता. २०२५ मध्ये दंडाची कमाल मर्यादा १ लाखापर्यंत नेली गेली. शेगडी गाडीच्या आत असली तरी गाडी सरकारी काठावर उभी करून बाहेर टेबल मांडले की प्रश्न येतोच. खासगी अंगणात तो येत नाही.

शेगडीवरून एक कळकळीची गोष्ट. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मेलेली सापडली. जनित्राचा धूर गाडीत शिरला होता. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. थंडी म्हणून काचा बंद करून जनित्र किंवा कोळशाची शेगडी चालू ठेवण्याचा मोह घाटमाथ्यावर होतो. गाडीत या वायूचा इशारा देणारे यंत्र असावे, आणि जनित्र रात्री बंदच असावे. म्हणूनही विजेची जोडणी असलेली जागा निवडायची. जोडणी घेताना पंधरा अँपिअरचा सॉकेट आणि अर्थिंग आहे का ते तपासून घ्या. गावात संध्याकाळी दाब पडतो, तेव्हा वातानुकूलन चालवू नका.

मैल्याचा प्रश्न लोक संकोचाने विचारत नाहीत, आणि सर्वांत जास्त घाण तिथेच होते. अमेरिकेत गाडीतळ निवडताना पाणी, वीज आणि मैलावाहिनी या तीन जोडण्या आहेत का, हे पहिल्या ओळीत लिहिलेले असते. आपल्याकडे टाकी कुठे रिकामी करायची हे प्रत्येकाने स्वतः ठरवायचे असते, आणि काही जण ती व्हाळात रिकामी करतात. त्याच व्हाळाचे पाणी खाली कुळागराला आणि नळाला जाते. घराच्या अंगणात राहिले की घरमालकाच्या शौचकूपाची टाकी वापरता येते. मात्र त्याला विचारून आणि मोबदला देऊन. गाडीच्या संडासात फॉर्माल्डिहाइडचे रसायन असेल तर ते त्या टाकीतले कुजवणारे जिवाणू मारते. जैविक द्रव वापरावा. साबणाचे पाणी पाटात सोडू नये.

अमेरिकेकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथे अनेक मोठ्या जलाशयांवर धरण बांधणारे लष्करी अभियंत्यांचे खाते स्वतःच मुक्कामतळ चालवते. पाणी किती चढेल, कधी उतरेल हे ज्याच्या हातात आहे तोच तळाची रेघ आखतो, आणि पाणी चढले की तळ बंद करतो. आपल्याकडे धरण जलस्रोत खात्याचे, रान वनखात्याचे, पर्यटक पर्यटन खात्याचा, आणि कचरा पंचायतीचा. तिळारीवर तर दोन राज्ये. त्यामुळे काठावर राहणाऱ्याला पाण्याची बातमी देणारा कोणी नाही.

धोरणांची उणीव आहे असे म्हणता येत नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यात गाडीतळांची तरतूद केली. केरळने त्याच वर्षी आपले धोरण जाहीर करून फेब्रुवारी २०२२ मध्ये वागमणच्या डोंगरात पहिला तळ उघडला. केरळने धोरणाबरोबर जमिनीवरचा तळ उभा केला हे महत्त्वाचे. तळ नसले की काय होते ते पवना धरणाच्या काठी दिसते: तंबूंच्या रांगा, रात्रभर ध्वनिवर्धक, बुडून मृत्यूच्या बातम्या. भंडारदऱ्यात काजवे पाहायला मे-जूनमध्ये इतकी माणसे आणि दिवे आले की वनखात्याला निर्बंध घालावे लागले. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथल्या उंच कुरणांवर मुक्कामालाच मनाई केली. अंजुणे आणि तिळारी अजून त्या थराला गेलेले नाहीत, आणि जाऊ द्यायचे नाहीत.

साखळीला यात करण्यासारखे आहे. खाणपट्ट्यात पुन्हा भरून सपाट केलेली, झाडे लावलेली जमीन आहे. खनिजाच्या ट्रकांसाठी बांधलेले रुंद रस्ते तिथवर गेले आहेत. धरणापासून दूर, पुराच्या रेघेच्या वर, दहा-बारा गाड्यांचा एक छोटा तळ तिथे व्हावा: नळ, वीज, मैला घेणारी टाकी, ओला-सुका कचरा आणि रात्रीचा राखणदार. गाडी तिथे ठेवून माणसांनी दिवसा अंजुणे, हरवळ्याचा धबधबा, चोर्ला पाहावे. जेवण गावातल्या बायकांच्या बचतगटांनी करावे. पैसा गावात राहील आणि काठ मोकळा राहील. एवढा लहान तळ पालिका आणि पंचायत मिळून चालवू शकतील, असे मला मनापासून वाटते.

तोवर हंगाम पाहून ठरवायचे. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारी हा उत्तम काळ: पाणी भरलेले, रान हिरवे, रस्ते कोरडे. त्या दिवसांत अंजुण्याच्या बाजूची कुळागरे आणि घाटमाथा. डिसेंबरपासून गोचिडीची काळजी घेत, झाडलेल्या अंगणातच. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेकोटीविना, मये किंवा तिळारीच्या परिसरातले परवानगीचे आवार. एप्रिल-मेमध्ये पाणी आटते, उकाडा असह्य होतो. घाटमाथ्यावरच काय ती हवा असते, पण विजेचे भय धरून. जूनपासून दसऱ्यापर्यंत मये किंवा डिचोली-साखळी शहरातले उंचावरचे आवार, दुसरे काही नाही. आणि साखळीत जागा देणाऱ्याला भाडे विचारण्याआधी विचारावे की जुलै २०२१ मध्ये पाणी कुठपर्यंत आले होते.